नेरूळच्या सोसायटीने पोसलेलं जहाज

माझं ठाम मत आहे की जहाज तेलावर चालत नाही, भंडाऱ्यावर चालतं. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. कप्तान आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, इंजिन बंद पडलं तर लाटा कुठेतरी नेतातच. पण भंडारी रुसला की वीस-पंचवीस माणसं एकमेकांना खायला उठतात. मी उभं आयुष्य हेच काम केलं. एकदा वादळात जहाज असं आडवं झालं की पातेल्यातली आमटी उठून छताला लागली. मी पातेलं घेऊन खाली उभा राहिलो आणि परत येताना सगळी झेलली. थेंब सांडला नाही. बायको म्हणते, साफ खोटं. पण ती तिथे नव्हती आणि मी होतो, तेव्हा पुरावा माझ्या बाजूने आहे.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यात मात्र ती होती. त्यामुळे मला जरा जपून बोलावं लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नुकतेच लालबागच्या खोलीतून नेरूळला सिडकोच्या घरात आलो होतो. घर इतकं मोठं, की या टोकाकडून त्या टोकाला हाक मारली तर उत्तर यायला वेळ लागायचा. दोन खोल्या होत्या. सामान लावून झालं आणि मी जहाजावर चढलो, तेव्हा बायकोला दिवस गेले होते.

जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याच देशाचा, कप्तान तिसऱ्या मुलखातला आणि आम्ही खलाशी चौथीकडचे. अशी मोट मुद्दाम बांधतात. खलाशाला भांडायचं झालं तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं हेच त्याला कळू नये, ही त्यातली सोय. कागदोपत्री आमच्यासाठी नियम काही कमी नव्हते. खलाशाला नीट अन्न-पाणी द्यावं, झोपेला वेळ द्यावा, करार संपला की आपल्या खर्चाने घरी पोचवावं, हे सगळं तिकडे जिनिव्हात शहाण्या माणसांनी बसून ठरवलेलं आहे. पण जिनिव्हाला समुद्र नाही. त्यामुळे नियमांना पोहता येत नसावं. आमच्या जहाजापर्यंत एकही पोचला नव्हता.

भर समुद्रात वायरलेसवर निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दापोलीकडचा म्हातारा, कधी हसायचा नाही. त्या दिवशी त्याने स्वतः डेकवर फिरून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की पुढच्या बंदरापर्यंत मी वाकून चालत होतो.

बारशाला खरं तर बापाची गरज नसते, आत्या लागते. माझी बहीण कानात कुर्रर्र करायला तयारच बसली होती. पण बायकोने पाळणाच बांधू दिला नाही. म्हणाली, "बाप येईल तेव्हा नाव ठेवू. तोवर राहू दे तशीच." कुठल्याशा परदेशी बंदरातून मी फोन केला तेव्हा हे कळलं. मी म्हटलं, "अगं, ठेवून टाका." ती म्हणाली, "तुम्ही या." आणि फोन ठेवला. मला कळेना, हे प्रेम आहे की दम.

करार संपला तेव्हा आम्ही जमिनीपासून लांब होतो. कप्तानाने आम्हाला रांगेत उभं केलं आणि एका कागदावर सह्या घेतल्या, की आम्ही आपल्या खुशीने पुढे थांबत आहोत. सही केली नाही तर पुढच्या बंदरात उतरवीन, तिकीट ज्याचं त्याने काढायचं. कुणीतरी विचारलं, हे कसं काय? कप्तानाचं एकच उत्तर असायचं, "नो प्रॉब्लेम." पाणी गंजलं, नो प्रॉब्लेम. एसी बंद पडून केबिनची भट्टी झाली, नो प्रॉब्लेम. एका खलाशाला रात्रंदिवस जहाजाच्या पोटातले मालाचे खण साफ करून उभ्या उभ्या चक्कर आली, नो प्रॉब्लेम. त्याच्या घरी आग लागली असती तरी त्याने ज्वाळांना हेच सांगितलं असतं.

आणि माझ्या कोठाराची अवस्था काय वर्णावी! पीठ चाळायला घेतलं की पीठ खाली पडायचं आणि चाळणीत एक अख्खं गाव उरायचं, पाटील-कोतवालासकट. गोठवलेली मासळी अशा काळातली, की ती पकडणाऱ्याला आता नातवंडं असतील. टाकीतलं पाणी गंजाने चहाच्या रंगाचं. पावडर न घालता चहा दिला तरी कुणाला कळत नसे. भाजी म्हणजे कोबी. माणसाने एका जन्मात किती कोबी खावा याचा काही नियम जिनिव्हावाल्यांनी केला असेल तर तो आम्ही पहिल्या महिन्यातच मोडला होता. कप्तान आमच्यात जेवत नसे. त्याच्या केबिनमध्ये वेगळा फ्रीज होता, त्याला कुलूप होतं.

अशा अवस्थेत खत बनवायचे दगड पोटात घेऊन आमचं जहाज न्हावा-शेव्याला आलं आणि धक्क्याला जागा नाही म्हणून बाहेर नांगर टाकून उभं राहिलं.

आता विचार करा. समोर बेलापूरचा डोंगर. त्याच्या अलीकडे नेरूळ. मी डेकवर उभा राहिलो तर मला आमच्या गॅलरीत वाळणारी पोरीची लंगोटी दिसायची, तिच्यावरची नक्षीसुद्धा. बायको म्हणते, आपली गॅलरी रस्त्याच्या बाजूला आहे, खाडीच्या नाही. असेल. बापाच्या नजरेला भिंती आड येत नाहीत.

मी कप्तानाकडे गेलो. म्हटलं, साहेब, ते माझं घर. करार संपून चातुर्मास उलटला. लेक रांगायला लागली असेल, अजून तिला नाव नाही. मला इथे उतरवा.

तो म्हणाला, बदली स्वयंपाकी मिळाला नाही. माल उतरला की इथून थेट दक्षिण अमेरिका. तिथून बघू.

दक्षिण अमेरिका! तिकडे जाऊन येईतो पोरगी शाळेत जायला लागेल, आणि हजेरीला नाव विचारलं तर काय सांगणार? मी डेकवर येऊन बसलो. सारंग शेजारी येऊन बसला. डोंगराकडे बघत म्हणाला, "घर दिसतंय आणि जाता येत नाही. त्यापेक्षा तुरुंग बरा रे. तिथे खिडकी तरी लहान असते."

दुसऱ्या दिवशी एजंटला घेऊन एक लाँच आली. लाँचवाला बेलापूर गावातला, आगरी, जाडजूड, गळ्यात सोन्याची साखळी. एजंट वर कप्तानाकडे गेला तसा मी खाली ओरडलो, "दादा, नेरूळला एक निरोप देशील का?" पत्ता सांगितला. आणि सांगितलं, बायकोला म्हणावं, जमलं तर थोडी कोकमं आणि घरचा मसाला धाड. बाकी सगळं नो प्रॉब्लेम.

पण लाँचवाल्याला डोळे होते. त्याला वर आमची तोंडं दिसली होती. त्याने आमच्या घरी जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. दोन दिवसांनी लाँच परत आली ती पाण्यात निम्मी बुडालेली. तो खालून ओरडला, "दादूस, दोरी सोड! वयनीनी सामान धाडलान हाय."

"कोकमं ना?"

"कोकमा बी हायती. खाली गोनी हाय त्याच्यान कांदं हायती."

झालं होतं असं. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, पाव किलोचं गिऱ्हाईक कुणी उभं करत नाही. घेतलं तर गोणी घ्या. म्हणून आमच्या इमारतीतल्या बायकांनी आधीपासूनच पद्धत पाडली होती. सगळ्या मिळून गोणी आणायच्या आणि जिन्याखाली बसून वाटे करायचे. या वेळी माझ्या बायकोने जिन्याखाली सांगितलं, आमचे हे समोर समुद्रात उपाशी आहेत आणि त्यांच्याबरोबर वीस-बावीस जण. तळमजल्यावरच्या साताऱ्याच्या काकू म्हणाल्या, "मग यात वाटा त्यांचाबी काढा की!" आणि त्या दिवसापासून जहाजाचा वाटा सुरू झाला. कांदे, बटाटे, मिरच्या, कोथिंबीर, नारळ, सोसायटीच्या झाडाचा कढीपत्ता. साताऱ्याच्या काकूंचा घाटी मसाला वेगळा. जगात समुद्रावर तरंगणारी जहाजं पुष्कळ असतील, पण एका सोसायटीच्या ओट्यावर तरंगणारं आमचं एकच.

कप्तान दुपारी केबिनमध्ये घोरत असताना मी दोरीने बादल्या ओढून ओढून थकलो, पण चूल पेटली. पहिल्या दिवशी ताज्या कोथिंबिरीचा वास डेकवर गेला तसा एक दणकट खलाशी दोरखंड टाकून रडायला लागला. मला म्हणाला, कांद्यामुळे. कांदा मी तेव्हा चिरलाही नव्हता.

वास कप्तानाच्या नाकातही गेलाच. त्याला वाटलं, भंडारी सुधारला. तो आपली प्लेट खाली पाठवायला लागला. म्हणजे ज्याने मला घरी सोडलं नव्हतं त्यालाही माझ्याच घरचं जेवण जात होतं. त्याच्या प्लेटमध्ये मी मिरची जरा सढळ हाताने टाकायचो. तो घाम पुसत म्हणायचा, "व्हेरी गुड."

घरून येणाऱ्या पिशवीत दर वेळी एक डबा असे, त्यात लाडू. या लाडवांबद्दल सांगायलाच हवं. माझी बायको बेसनाच्या लाडवात मिरी कुटून घालते. वेलची नाही, जायफळ नाही. मिरी! तिच्या माहेरी म्हणे घालतात. मी तिच्या माहेरी गेलो आहे. तिथेही कुणी घालत नाही. लाडू जिभेवर ठेवला की आधी गोड वाटतो आणि माणूस बेसावध झाला की मागून येऊन धरतो. मी लग्नापासून त्या लाडवांची टिंगल करत आलो होतो. जहाजावर मात्र मुकाट्याने खात होतो. आणि सगळ्यांना सांगत होतो की शिंका आल्या तर घाबरू नका.

दरम्यान सारंगाने लाँचवाल्याबरोबर दुसरा एक निरोप धाडला. मुंबईत गोदीपाशी एका इमारतीत जगभरच्या खलाशांच्या संघटनेचं ऑफिस आहे, तिथे इन्स्पेक्टर बसतो, त्याला कळवा. लाँचवाल्याने ते बायकोला सांगितलं. तिने फोन केला असेल असं मला वाटलं. नंतर कळलं, की ती पोरीला कमरेवर घेऊन स्वतः गेली, बाकावर बसली आणि इन्स्पेक्टर भेटेपर्यंत हलली नाही. त्याला म्हणाली, "साहेब, हिला बघा. हिला अजून नाव नाही. हिचा बाप त्या जहाजावर आहे. तो येईपर्यंत मी हिला हाक काय मारू ते तुम्ही सांगा." एवढं बोलून तिने डबा उघडला आणि त्याच्या हातावर लाडू ठेवला. हे असं बोलता मला येत नाही. मी दहा वाक्यं बोलतो आणि त्यातली नऊ परत घ्यावी लागतात.

इन्स्पेक्टर उद्या येणार असा निरोप आला तसं सारंगाने आम्हाला खाली गोळा केलं. म्हणाला, "त्या सह्यांच्या कागदावर कप्तान उड्या मारणार. म्हणणार, माणसं खुशीने राहिलीत. आपल्याला दाखवायचंय की असल्या जहाजावर कुणी खुशीने राहत नाही. तो जेवायच्या वेळेला येतोय. त्याला जिभेने कळू दे." मग माझ्याकडे वळला. "भंडाऱ्या, उद्या फक्त जहाजाच्या कोठारातलं. घरचं एक पान घालायचं नाही. शप्पथ घे."

मी घेतली. कुणाच्या गळ्याची ते सांगत नाही, कारण तो माणूस सुदैवाने अजून जिवंत आहे.

सकाळी उठलो. किडक्या पिठाची कणीक तिंबली. ती पुराणकाळातली मासळी बाहेर काढली. कोबी घेतला. सगळं शपथेप्रमाणे. मासळी वितळली आणि तिचा वास आला. मी मनात म्हटलं, फार छान, हा वासच साक्ष देईल.

मग एक दुष्ट विचार आला. हा पाहुणा माझ्या ताटावर बसणार. तो उद्या मुंबईत जाऊन म्हणेल, त्या जहाजावर एक कोकणी भंडारी आहे, त्याने मला हे वाढलं. जहाजाला कोण ओळखतं? नाव माझं जाणार. माझा बाप भंडारी होता, आजा भंडारी होता. मी म्हटलं, निदान मासळी कोकमाच्या पाण्यात धुवून घेऊ. धुणं म्हणजे काही स्वयंपाक नव्हे.

धुतल्यावर ती इतकी केविलवाणी दिसायला लागली की मी तिला थोडा मसाला लावला. लावला म्हणजे दाखवला. मग कोबी तसाच शिजवणार होतो, पण फोडणीशिवाय कोबी म्हणजे ओल्या कागदासारखा. चार मिरच्या आणि कढीपत्ता टाकला. फक्त वासापुरता. मग नारळ समोरच होता, फोडलेला. फोडलेला नारळ वाया घालवणं हे पाप आहे. वाटण झालं. वाटण झाल्यावर ते कुठेतरी घालावंच लागतं. पीठ बाजूला राहिलं. साताऱ्याच्या काकूंनी तांदळाचं पीठ धाडलं होतं, त्याच्या भाकऱ्या थापल्या. हे सगळं होत असताना मी स्वतःला बजावत होतो की आता पुरे. माझे हात ऐकत नव्हते. ते माझ्या आज्याचे हात होते.

सारंग दारात येऊन उभा राहिला. त्याने वास घेतला. त्याचं तोंड असं झालं जसं त्याने भूत पाहिलं.

"अरे माझ्या बापा," तो म्हणाला, "हे काय केलंस?"

"कोबी," मी म्हटलं.

इन्स्पेक्टर साताऱ्याकडचा निघाला. उंच, मिशीवाला, घाटावरचा रांगडा माणूस, समुद्राच्या बाबतीत म्हणायचा, "पाणी लई हाय, पण पिकत काय न्हाय." तो मेसमध्ये बसला. कप्तानही त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या टेबलावर येऊन बसला, गळ्यात रुमाल खोचून. मी वाढलं. आणि ते दोघे असे जेवले, असे जेवले, की मासळीचे काटे शरमेने स्वतःहून बाजूला झाले. इन्स्पेक्टरने पट्टा एक भोक सैल केला. मग दुसरं. बोटं चाटत म्हणाला, "भंडारी, हात काय हो तुमचा!"

मी खाली वाकून म्हटलं, "आपली कृपा." सारंग माझ्याकडे बघत नव्हता. कुणीच बघत नव्हतं.

कप्तानाने तोंड पुसलं, तो सह्यांचा कागद टेबलावर पसरला आणि मागे टेकला. म्हणाला, बघितलंत ना? असं जेवण कुठल्या जहाजावर मिळतं? सगळं आमच्या कोठारातलं. माणसं मजेत आहेत, स्वतःहून थांबलीत. नो प्रॉब्लेम.

इन्स्पेक्टरने कागद वाचला. मग आमच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मग तक्रार नक्की कशाची हाय हो तुमची?"

उपाशी आहोत म्हणावं तर त्याच्या मिशीला खोबरं लागलेलं. माझ्या डोळ्यांपुढे बेलापूरचा डोंगर मागे मागे जायला लागला आणि दक्षिण अमेरिका पुढे यायला लागली. स्वतःच्या हाताने, नारळाच्या वाटणात मी माझ्या लेकीचं बारसं बुडवलं होतं. चार माणसांच्या सुटकेची आशाही त्यातच. अशा वेळी माणूस काय करतो? मी सवयीने तेच केलं जे जेवण झाल्यावर करतो. आत गेलो, डबा आणला आणि पाहुण्यापुढे लाडू ठेवला.

इन्स्पेक्टरने अर्धा लाडू तोंडात टाकला. चावला. थांबला. त्याचे डोळे किंचित मोठे झाले. मिरी मागून आली होती. मग त्याने एक दणदणीत शिंक दिली आणि हातातल्या उरलेल्या अर्ध्याकडे टक लावून बघत राहिला.

"कॅप्टन," तो इंग्रजीत म्हणाला, "हा लाडूही तुमच्या कोठारातला?"

कप्तान म्हणाला, अर्थात. सगळं आमच्या कोठारातलं. आमचा स्वयंपाकी स्वतः करतो.

"असं." इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला आणि मराठीत आला. "भंडारी, बेसनाच्या लाडवात मिरी घालणारं माणूस मी उभ्या जन्मात एकच बघितलंय. गेल्या हप्त्यात माझ्या टेबलासमोर बसलं होतं. कमरेवर बिननावाची पोरगी होती. तुमची कोण?"

"बायको," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू गेला नाही. म्हणून मी परत ओरडलो, "बायको!"

"मग आत्ता जेवलो ते?"

यावर मी बोलण्याआधी सारंग उठला. म्हणाला, "साहेब, कांदे वाशीचे, मसाला ह्याच्या घरचा, पीठ शेजारणीचं. आम्हाला नेरूळची एक इमारत पोसतेय. जहाजाचं बघायचं असेल तर खाली चला."

इन्स्पेक्टर उठला. पट्टा पुन्हा आवळला. "कॅप्टन, स्टोअर दाखवा."

कप्तान ऐटीत पुढे निघाला. खरं सांगतो, त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. तो त्या कोठारात कधी उतरलाच नव्हता. दार उघडलं आणि आतून जे बाहेर आलं त्याला वास म्हणता येणार नाही, ते एक प्रकारचं शिष्टमंडळ होतं. इन्स्पेक्टरने पिठाच्या पोत्यात हात घातला आणि पीठ त्याच्या मनगटावरून चालत वर गेलं. टाकीचा नळ सोडला, लाल धार आली. आमच्या केबिन पाहिल्या. चक्कर येऊन पडलेल्या खलाशाशी तो बराच वेळ एकटाच बोलत बसला. वर आला तेव्हा मिशीवरचं खोबरं पुसलेलं होतं.

मग त्याने कप्तानाला जे सांगितलं ते थोडक्यात असं. जिथे खलाशाची बायको जहाज पोसते, तिथे खलाशी खुशीने राहिलाय असं लिहिलेल्या कागदाची पुडी बांधावी. ताजं अन्न आणि पाणी जहाजावर चढेपर्यंत आणि ज्यांचे करार संपलेत ते घरी जाईपर्यंत धक्क्यावरचा एकही कामगार या मालाला हात लावणार नाही, ते मी बघतो. मालकाला फोन करा. आत्ता.

कप्तान म्हणाला, "बट..."

"नो प्रॉब्लेम," इन्स्पेक्टर म्हणाला. आणि जाताना मला म्हणाला, "वैनींना सांगा, मिरी जरा कमी घालत जा. आणि न्हाय घातली कमी तरी चालंल."

मालकाला सापडत नव्हता तो बदली भंडारी दोन-तीन दिवसांत सापडला. जहाज धक्क्याला लागलं, पाण्याचे टँकर आले, भाजीचा टेम्पो आला आणि आम्ही चौघे-पाच जण पेट्या घेऊन शिडीने खाली उतरलो. जमिनीवर पाय ठेवल्यावर सारंग वाकला आणि त्याने धक्क्याच्या काँक्रीटला हात लावून तो कपाळाला लावला. मग वळून मला असा गुद्दा घातला की जुनी आठवण ताजी झाली. म्हणाला, "मूर्खा, तुझ्या हाताने बुडालो होतो, तुझ्या बायकोच्या हाताने वाचलो."

हे खोटं आहे. मी सगळं ठरवून केलं होतं. इन्स्पेक्टरला आधी भरपेट जेवू घालायचं, कप्तानाला बढाया मारायला लावायच्या आणि मग लाडू काढायचा, असा माझा डाव होता. मी आजवर सगळ्यांना असंच सांगत आलो आहे. पण बायको या गोष्टीत आहे आणि हे लिहीत असताना ती मागे उभी राहून वाचते आहे, त्यामुळे पुढे जातो.

रिक्षा सोसायटीच्या फाटकात शिरली तर जिन्यापासून फाटकापर्यंत बायकाच बायका. साताऱ्याच्या काकू पुढे आल्या, मला वरून खाली पाहिलं आणि हिरमुसल्या. "अवं, हे तर चांगलं गुबगुबीत हायेत! आन आम्ही कांदं वाहतोय!" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "काकू, तुमचाच मसाला हो." त्या पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या.

बायको जिन्यात उभी होती. तिने पोरीला माझ्या हातात दिलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि असा भोंगा लावला की न्हावा-शेव्याला उभ्या जहाजांनी उत्तरं दिली असतील. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ओरडायला छाती होती, फुफ्फुसं होती, दोन दात होते. मी तिला तसाच धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने ती दमली आणि माझा अंगठा तोंडात घालून चोखायला लागली. जहाजावरच्या मसाल्याचा वास त्याला अजून असणार.

बारसं त्याच आठवड्यात झालं. नाव ठेवायची मुलगी पाळण्यात उभी राहून कठडा हलवत होती, आणि माझी बहीण कानात कुर्रर्र करायला वाकली तर हिने तिचंच कानातलं ओढलं. दोनदा पाळण्यातून उतरायला बघितलं. शेवटी लाँचवाल्याने तिला घट्ट धरून ठेवलं, तेव्हा कुठे नाव कानात गेलं. तो म्हणाला, "आयला, ही नक्की बोटीवर जानार!" बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लाडू घ्यायला गेला.

नाव काय ठेवलं ते मी इथे सांगणार नाही. इतके दिवस वाट बघून मिळालेली वस्तू आहे, तिच्या मालकिणीला विचारल्याशिवाय कशी वाटू? पण एवढं सांगतो. लाडवांचं ताट फिरत होतं, पोरगी माझ्या मांडीवर होती. कुणाचं लक्ष नाही बघून तिने एक लाडू उचलला आणि दोन दातांनी कोर काढली. चेहरा आधी गोड झाला. मग मिरी आली. तिने नाक उडवलं, डोळे घट्ट मिटले, शहारली, एक छोटीशी शिंक दिली. मी बायकोकडे बघून म्हणणारच होतो, बघितलंस, एवढंसं पोर, पण त्यालाही कळतं. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि उरलेला लाडू सगळाच्या सगळा तोंडात कोंबला.